नूटेनच्या माथ्यावरची पेटी

स्कारविक, २८ मे १९७४

प्रिय तुरिद मावशी,

पत्राला उशीर झाला, कारण गेला महिनाभर मी डोंगरावर दगडांना लाल ठिपके देत फिरत होते. आईने तुला कळवलंच असेल की मुलगी पाच वर्षं बर्गनला शिकली, घराण्यातली पहिली पदवीधर झाली आणि आता रंगाचा डबा घेऊन दगड रंगवते. आईचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं.

गोष्ट अशी. उन्हाळ्यात फ्योर्डच्या खाडीत मोठाली जहाजं येतात. माणसं उतरतात, धबधब्याचा फोटो काढतात, आमच्या शेळ्यांचा काढतात, एकदा बाबांचाही काढला, आणि पंचवीस मिनिटांत परत जातात. आमच्या युवक मंडळाचे अध्यक्ष तोरलैव (वय एकसष्ट) यांनी ठरवलंय की धक्क्याजवळ प्लास्टिकचा राक्षस उभा करायचा. चार मीटर उंच, नाकावर झाड, पोटाला भोक. भोकातून डोकं काढायचं आणि फोटो घ्यायचा. मी सभेत उठून म्हटलं, "ज्या गावाच्या पाठीशी सहाशे मीटरचा नूटेन उभा आहे, त्या गावाला प्लास्टिकचा राक्षस कशाला?"

तोरलैव म्हणाले, "नूटेनच्या पोटाला भोक नाही ना, पोरी."

सगळे हसले. पण मी बसले नाही. मी म्हटलं, वाट नीट केली तर कुटुंबंच्या कुटुंबं येतील, आठ-आठ दिवस राहतील. शेवटी असं ठरलं: नूटेनच्या माथ्यावर एक पेटी, पेटीत वही. ऑगस्टअखेर वहीत शंभर नावं झाली तर यंदाचं गावाचं श्रमदान माझ्या वाटेला. नाही झाली तर राक्षसाच्या चौथऱ्याला. आणि चौथरा येणार कुठे? जिथून माझी वाट सुरू होते, नेमका तिथेच.

मावशी, मी मनापासून मानते की जे कुटुंब एकत्र डोंगर चढतं, ते एकमेकांशी खोटं बोलत नाही. वर गेल्यावर माणूस आपोआप सरळ होतो. म्हणून तुम्ही चौघांनी जुलैत यावं. तू, आर्वे काका, लिव आणि शेल. चार नावं होतील, आणि मला तुम्ही भेटाल.

तुझी,
सिग्नी

---

यारेन, ९ जून

प्रिय सिग्नी,

तुझं पत्र मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. लिव टाळ्या वाजवायला लागली. शेलने विचारलं, राक्षसाच्या पोटातून खरंच डोकं काढता येतं का, तर मी त्याला गप्प केलं. आर्वेने अजून एक बटाटा घेतला.

आम्ही येतो. जुलैच्या मध्याला, इथलं गवत कापून झालं की. तुला माहीत आहे, आमचा सगळा मुलूख ताटासारखा सपाट. इथे सगळ्यात उंच म्हणजे चर्चचा मनोरा, आणि त्यावरही आर्वे लग्नाच्या दिवशी चढला नाही, सगळे फोटो काढायला वर गेले तरी. पण त्याला डोंगर आवडतात, असं तो म्हणतो. लांबून तर फारच आवडतात.

दोन-तीन शंका. तुझ्या वाटेला कठडा आहे का? वर गेल्यावर बसायची सोय आहे का, म्हणजे मधोमध, कडेला नाही? आणि शिडी लागत असेल तर आमच्या गोठ्यातली चांगली आहे, आर्वे ती बसमधून आणेल.

तुझी,
तुरिद मावशी

ता. क. हे सगळं मी स्वतःसाठी विचारतेय. आर्वेचा ह्यात काही संबंध नाही.

---

स्कारविक, १५ जून

प्रिय मावशी,

तुझ्या पत्राने घरभर हशा झाला. शिडी! आई म्हणाली, तुरिद लहानपणापासून अशीच विनोदी. कठडा नाही, मावशी, पण लाल ठिपके आहेत, एकशे चाळीस.

मी आठवड्याचा कार्यक्रम आखलाय. सोमवारी होडीतून फ्योर्डच्या पलीकडे, तिथे खडकावर बसून मासे भाजायचे. मंगळवारी धबधब्याच्या मागच्या बाजूला. बुधवारी नूटेन. गुरुवारी विश्रांती, म्हणजे फक्त तळ्यापर्यंत. पाऊस असला तरी जायचंच, पाऊस म्हणजे हवामान, अडचण नव्हे. प्रत्येकाने लोकरीचे दोन पायमोजे, एक संत्रं आणि तपकिरी चीज लावलेला ब्रेड घ्यावा. कॉफीचा थर्मास बाबा देतील.

आणि डोंगरावरचा नियम सगळ्यांना ठाऊक असायला हवा: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. मी तो मोठ्या अक्षरांत पहिल्या दगडावर लिहिलाय. पण अजून कोणी मागे फिरलेलं मी पाहिलेलं नाही.

तुझी,
सिग्नी

---

यारेन, २१ जुलै

प्रिय सिग्नी,

सुखरूप पोहोचलो. आधी पायाचं सांग. आर्वेला अजून झोपेत तोच क्षण दिसतो. तू "उडी मारा काका, पाणी गुडघाभरच आहे" म्हणालीस, त्याने डोळे मिटून उडी मारली, आणि हातात होडीच्या नांगराचा दगड आहे हे विसरला. तुझ्या पायावर दगड पडला आणि दगडावर आर्वे. डॉक्टर सहा आठवडे प्लास्टर म्हणाले तेव्हा तो बाहेर जाऊन शेळ्यांमध्ये उभा राहिला होता. त्याला माणसांत यायचं नव्हतं.

आणि तरीही तू प्लास्टर घालून खिडकीत बसून आम्हाला नूटेनकडे हात हलवत होतीस. ते दृश्य मी विसरणार नाही.

नूटेन फार छान होता. वही सापडली, नावं लिहिली. वरून काय देखावा दिसतो गं! तुमचा गोठा अगदी स्पष्ट दिसत होता. तुझी आई दोरीवर कपडे वाळत घालत होती, लिवने मोजे मोजले, अकरा होते. एक हरवला असणार, बघ. तुझी आई शिंकली तेही ऐकू आलं.

मुलं खूश आहेत. आर्वे म्हणतो, "काही वाईट नव्हता." आमच्याकडे याहून मोठं कौतुक नाही.

तुझी,
तुरिद मावशी

---

स्कारविक, २९ जुलै

प्रिय मावशी,

काकांना सांग, पाय बरा होतोय आणि माझा राग मुळीच नाही. उलट मला बसून विचार करायला वेळ मिळाला.

आणि काय सांगू! बाबा रोज संध्याकाळी येऊन आकडा सांगतात. काल एकशे एकसष्ट झाली! शंभराची अट होती, मावशी, आणि अजून ऑगस्ट पुरता बाकी आहे. डोंगर माणसांना बदलतो म्हणतात ते मी आता डोळ्यांनी पाहतेय, म्हणजे बाबांच्या डोळ्यांनी. गुरी आजींचं नाव वहीत आहे. तोरलैवची आई, वय चौऱ्याऐंशी, कमरेचं हाड दोनदा मोडलेलं. धर्मगुरूंच्या बायकोने बाळगाडी वर नेली. फेरीबोटीच्या कप्तानाने तीनदा नाव लिहिलंय, आणि त्याची बोट धक्क्याला पंचवीस मिनिटं थांबते! काय वेगाने चढत असेल!

आईला म्हटलं, "बघ, तू म्हणत होतीस ना, डोंगरावर कोण कडमडायला जाणार." आई म्हणाली, "मी पण लिहिलंय नाव." मी विचारलं, कधी? म्हणाली, "दूध द्यायला गेले होते तेव्हा." आईची चेष्टा मला कधीच कळत नाही.

एकच गोष्ट खटकली. नूटेनच्या माथ्यावरून गोठा दिसत नाही, मध्ये कडा येतो. पण मी तिथे गेल्याला महिना झाला, कदाचित हवा तेवढी स्वच्छ असेल.

तुझी,
सिग्नी

---

यारेन, ५ ऑगस्ट

प्रिय सिग्नी,

मला तीन रात्री झोप नाही. मी हे आर्वेला न सांगता लिहितेय, त्याला कळू देऊ नकोस.

आम्ही माथ्यावर गेलो नाही. पेटी मेंढ्यांच्या कुंपणापाशी होती. आम्हाला वाटलं, आलाच माथा. मी इतकी आनंदले की दगडाला मिठी मारली. मग लिव म्हणाली, "आई, माथ्याच्या वर अजून डोंगर का आहे?" आर्वे म्हणाला, "ते ढग आहेत." ढगांवर मेंढ्या चरत होत्या, सिग्नी.

आम्ही तिथेच नावं लिहिली आणि डबा खाल्ला. मला वर जायचं होतं, देवाशपथ, पण मला चक्कर येत होती आणि आर्वेला वाईट वाटू नये म्हणून मी काही बोलले नाही. तो तर चढायला एका पायावर तयार होता.

तू म्हणालीस की डोंगर चढणारं कुटुंब खोटं बोलत नाही. आम्ही पूर्ण चढलो नाही, म्हणून झालं असेल.

तुझी,
मावशी

---

यारेन, ६ ऑगस्ट

सिग्नी,

तुरिदला हे पत्र माहीत नाही.

पेटी कुंपणापाशी होती. तुरिदला पुढे जायचं होतं, तिचा हिरमोड नको म्हणून मी काही बोललो नाही. खरं म्हणजे खाली बघितल्यापासून मी कुंपणाचा खांब सोडला नव्हता.

तुरिद मुलांना घेऊन पुढे उतरली. खालून एक कुटुंब वर येत होतं, त्यांच्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची अवस्था माझ्यासारखीच दिसली. म्हणून मी पेटी उचलली आणि खाली ओढ्याजवळच्या सपाट दगडावर नेऊन ठेवली. ते गृहस्थ माझा हात सोडेनात.

चूक झाली. पायाबद्दलही माफ कर.

आर्वे

---

स्कारविक, १४ ऑगस्ट

प्रिय मावशी आणि प्रिय काका,

तुमच्यापैकी एकाचं पत्र मिळालं. कोणाचं ते मी सांगणार नाही, कारण मी शब्द पाळते. एवढंच सांगते की एकमेकांशी जरा बोला. दोघांनाही बरं वाटेल.

मी बाबांना विचारलं, "पेटी कुठे आहे?" बाबा चाकू घेऊन लाकूड तासत होते. म्हणाले, "वरच."

"माथ्यावर?"

"खालच्या मानाने वर."

आणि त्यांनी तासायला दुसरं लाकूड उचललं. मी प्लास्टरसह अंगणापलीकडे जाऊ शकत नाही. सभा तीस तारखेला आहे. आता दोनशे चार नावं झालीत. आई म्हणते, "आकडा सांग, वाट घे आणि गप्प बस. कोण चढून बघणार आहे?" कोणीच नाही, हे मला माहीत आहे. मी गप्प बसले तर वाट होईल. बोलले तर त्याच जागी राक्षस उभा राहील, आणि मीच त्याला उभा केला असं होईल.

प्लास्टर अठ्ठावीसला निघतं.

तुमची,
सिग्नी

---

स्कारविक, ३ सप्टेंबर

प्रिय मावशी, प्रिय काका,

तुम्ही बोललात हे वाचून फार हसले. दोघंही एकमेकांसाठी धीट होऊन बसला होतात!

आता सगळं क्रमाने सांगते. अठ्ठावीसला प्लास्टर निघालं आणि मी काठी टेकत पेटी शोधायला निघाले. फार शोधावं लागलं नाही. रस्त्याच्या कडेला, दुधाच्या गाडीसाठी कॅन ठेवतात त्या ओट्यावर पेटी होती. घरापासून दोनशे पावलं. गुरी आजी शेजारच्या बाकावर कोडं सोडवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ये, बस. माथा छान आहे आज, वारा नाही."

मग मी घरोघर विचारत गेले. पहिले बाबाच. ते म्हणाले, "झाकण वाऱ्याने उडत होतं, म्हणून मी पन्नास पावलं खाली कपारीत ठेवली. पन्नास पावलं म्हणजे काय, काहीच नाही." शाळेतल्या मालेनाबाईंनी ती कपारीतून तळ्याकाठी आणली, कारण पहिलीच्या मुलांपैकी तिघं रडत होती. तळ्याहून कुंपणापाशी कोणी आणली त्याचं नाव सांगत नाही, पण तो आमचा टपालवाला आहे. कुंपणाहून ओढ्याकडची तुम्हाला माहीतच आहे. ओढ्याहून तिसऱ्या फाटकाशी धर्मगुरूंची बायको, कारण बाळगाडीची चाकं. प्रत्येकाला वाटलं की आपल्याला मिळाली तीच पेटीची जागा, आणि आपण तर दुसऱ्यासाठी थोडीशीच सरकवतोय. एकानेही स्वतःसाठी सरकवली नाही. मी रागवायला निघाले होते. पण रागावणार कोणावर?

तीसला सभागृह भरलं होतं. तोरलैव म्हणाले, "सिग्नी, आकडा सांग." मी उभी राहिले. पाय थरथरत होता, दुखरा नव्हे, दुसरा. मी म्हटलं, "दोनशे अडतीस नावं आहेत. त्यांतली माथ्यावर लिहिलेली नऊ. पेटी खाली आलीय."

मागच्या बाकावरून आईचा आवाज आला, "झालं, फिरवलं पाणी."

तोरलैवनी चष्मा काढला. "पेटी कोणी हलवली?"

बाबांनी हात वर केला. मग मालेनाबाईंनी. मग टपालवाल्याने, डोक्यावर टोपी ओढून. धर्मगुरूंच्या बायकोने एका हाताने बाळ सांभाळत दुसरा वर केला. तोरलैव सगळ्यांकडे कडक नजरेने बघत होते, आणि गुरी आजी म्हणाल्या, "तोरलैव, हात."

"आई, मी अध्यक्ष आहे."

"फाटकाहून ओट्यावर मला पेटी कोणी आणून दिली? हात वर कर."

त्यांनी केला, खांद्यापर्यंतच. म्हणाले, "आईला एकदा तरी नाव लिहायचं होतं. आणि मग रस्त्यातच आहे तर माणूस जाता-येता लिहितो." त्यांचं नाव वहीत अकरा वेळा आहे.

सभागृह हसण्याने दणाणलं. पण तोरलैव नियमाचे पक्के. म्हणाले, "मग खरी नावं नऊच. शंभर नाहीत. राक्षस येणार." मी मान खाली घातली. गुरी आजी काठी आपटून म्हणाल्या, "नऊ कशी? गेल्या वर्षी मी उंबरठ्याबाहेर पडत नव्हते. यंदा रोज दोनशे पावलं चालते, ओट्यापर्यंत. तुझ्या राक्षसापर्यंत मी कशाला चालत जाऊ? त्याच्यासारखी माणसं मी घरात बघते."

शेवटी तोरलैवनीच तोडगा काढला. रविवारी पेटी परत माथ्यावर न्यायची, ज्यांनी ज्यांनी नावं लिहिलीत त्यांनी बरोबर जायचं. गावातल्या निम्म्या लोकांची, म्हणजे तीस जणांची नावं खरोखर माथ्यावर लिहून झाली, तर श्रमदान वाटेला.

रविवारी एक्केचाळीस जण निघालो. मी काठी घेऊन सगळ्यात मागे. मावशी, मी अशी चढण पाहिली नाही. तोरलैव दर शंभर पावलांवर थांबून म्हणायचे, "जरा देखावा बघू." एकदा तर ते कड्याच्या भिंतीकडे तोंड करून देखावा बघत होते. कप्तान म्हणाला, "मला काही नाही, पण मालेनाबाई दमल्यात." मालेनाबाई म्हणाल्या, "मी? मी टपालवाल्यासाठी थांबलेय." टपालवाला बोलूच शकत नव्हता, त्याने फक्त बाबांकडे बोट केलं. मागे फिरण्यात लाज नाही हे पहिल्या दगडावर लिहिलेलं सगळ्यांनी मोठ्याने वाचलं होतं, आणि आधी फिरायची मात्र कोणाची तयारी नव्हती. सातच जण तळ्याशी थांबले, तेही कॉफी सांडली म्हणून, असं ते म्हणाले.

चौतीस जण माथ्यावर पोहोचलो. मी मोजले, तोरलैवनी दोनदा मोजले. समोर सगळा फ्योर्ड, बोट काडेपेटीएवढी. बाबांनी पेटी ठेवली, झाकणावर दगड ठेवला, मग दगड काढून मला म्हणाले, "लिही, पहिलं नाव तुझं."

मी वही उघडली. पेन्सिल बांधलेली दोरी होती. पेन्सिल नव्हती.

चौतीस माणसांनी चौतीस जोड्या खिसे चाचपले. संत्री निघाली, दोरे निघाले, एका खिशातून घोड्याचा नाल निघाला. पेन्सिल नाही. ती खाली ओट्यावर गुरी आजींच्या अंबाड्यात होती, कोड्यासाठी घेतलेली.

"नावं माथ्यावरच लिहिलेली हवीत," तोरलैव हळूच म्हणाले. त्यांना स्वतःलाच वाईट वाटत होतं, मावशी, चेहऱ्यावर दिसत होतं. "कोणीतरी खाली जाऊन आणायला हवी."

चौतीस जणांनी खाली पाहिलं आणि मग एकदम आकाशाकडे.

धर्मगुरूंच्या बायकोच्या पाठीवरच्या झोळीत बाळ होतं. ते मघापासून गप्प होतं, कारण त्याला वाटेतली रानजांभळं कोणीतरी खायला दिली होती, आणि त्याने आता आईच्या पांढऱ्या कॉलरवर पाचही बोटांचा जांभळा ठसा उठवला. ती कॉलरकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग आजूबाजूच्या झुडपांकडे. ती फळांनी नुसती लगडली होती.

काडीने नावं लिहून पाहिली, पण रस कागदावर पसरायचा. पहिलं नाव बघून तोरलैव म्हणाले, "हे नाव आहे की जखम?" तेव्हा बाबांनी एक फळ चिरडलं आणि वहीवर सरळ अंगठा टेकवला. आमच्या तालुक्याची ग्रंथपाल, दोन शिक्षिका, धर्मगुरूंची बायको, कप्तान, सगळ्यांनी रांगेत उभं राहून अंगठे दिले. आई माझ्या मागे होती. म्हणाली, "गावात शंभर वर्षं शाळा आहे. तू शिकून आलीस आणि सगळ्यांना अंगठाबहाद्दर केलंस." पण तिने स्वतःचा अंगठा असा दाबला की मागच्या तीन पानांवर उमटला.

तोरलैव सगळ्यात शेवटी. वही हातात घेऊन त्यांनी आधी ठसे मोजले. तेहतीस ठसे झाले होते, त्यांच्याशिवायही पुरेसे होते. म्हणाले, "नियमात नाव म्हटलंय, अंगठ्याचं काही म्हटलेलं नाही." मग त्यांनी एक फळ तोडलं. "पण अंगठा खाली राहून वर लावता येत नाही, हे मात्र आहे." आणि त्यांनी लावला.

शनिवारपासून श्रमदान सुरू होतंय. ओट्याजवळ गुरी आजींसाठी दुसरी वही ठेवायची असं एकमताने ठरलंय, तिचं नाव खालचा माथा. तोरलैवनी काल राक्षसवाल्या कंपनीला नकाराचं पत्र टाकलं. मला वाचायला दिलं होतं. फार अदबीने लिहिलंय, खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख, आणि कोपऱ्यात, कितीही साबण लावला तरी न गेलेला, एक जांभळा अंगठा.

तुमची,
सिग्नी